गार शिळा

शिळेच्या उत्तरेकडच्या कडेला बोटाच्या पेराएवढी रुंद बर्फाची साय धरली होती. हातमोजा काढून मी तळवा टेकवला आणि शंभरापर्यंत मोजलं. माझ्या हाताखालची साय वितळली, भोवतालची तशीच राहिली.

एकोणीस वर्षं मी स्काल्विक गावातल्या शिळा तपासते आहे. खालच्या किनाऱ्यावरच्या या शिळेवर बर्फ कधी टिकलेला नाही. तिच्यावर एकच वाक्य कोरलं आहे: खालच्या किनाऱ्यावरचं प्रत्येक घर कोरडं राहील. ते खरं ठेवण्यासाठी ती समुद्राला अडवून धरते, आणि कष्ट करणारी शिळा गरम असते. हिवाळ्यात इथल्या बायका तिच्यावर मोजे वाळत घालतात.

वाक्य खरं की खोटं ते दाखवणारी माझी तांब्याची सुई मात्र 'खरं'वर स्थिर होती. मी ती दोनदा फिरवून सोडली. दोन्ही वेळा तिथेच येऊन थांबली. वाक्य खरं होतं आणि शिळा काहीच करत नव्हती.

मी गावसभेच्या सभागृहात गेले. शिळेला डोळे नसतात. दर शरदात सभेचा वाचक तिच्यापुढे घरांची यादी वाचतो, तेवढंच तिला ठाऊक असतं. यंदाची यादी मी मागून घेतली. वरचा किनारा, बासष्ट घरं. नवा धक्का, सात वखारी. खालचा किनारा, आणि त्याखाली कोरा कागद.

हाल्वार्द मास्तर सभेचे प्रमुख. तर्क मी त्यांच्याच हाताखाली शिकले. त्यांनी काही लपवलं नाही. गावातल्या सगळ्या शिळांची मिळून ताकद ठरलेली आहे, नव्या वखारींसाठी ती कुठून तरी काढायलाच हवी होती, असं त्यांनी शांतपणे समजावलं. खालच्या लोकांना कळवलं आहे का, असं मी विचारलं. कळवलं असतं तर गलका झाला असता, असं ते म्हणाले.

"आणि वाक्य कुठे मोडलंय?" मास्तर म्हणाले. "या खोलीतला प्रत्येक घोडा पांढरा आहे. आठवतं? खोटं ठरवून दाखव."

आठवत होतं. मी नऊ वर्षांची होते. खोलीत घोडाच नाही, म्हणून ते वाक्य कुणालाही खोटं ठरवता येत नाही, हे उमगल्यावर मी आठवडाभर हरखून गेले होते. त्या नसलेल्या घोड्यांच्या जागी कुणी जिवंत माणसं उभी करील, हे तेव्हा मनात आलं नव्हतं. मला माझ्या त्या आनंदाचीही चीड आली.

"खोलीत घोडा नव्हता, मास्तर. ही माणसं तिथे आहेत."

"यादीत नाहीत. तुझं काम सुई बघणं. सुई काय म्हणते?"

"खरं."

"मग शिळा तपासल्याची खडूची खूण कर आणि मोकळी हो. दुपारी मोठी भरती आहे."

खूण न करणं सोपं होतं. पण माझ्या नकाराने शिळा गरम होणार नव्हती. आणि यादी वाचायचा अधिकार वाचकाचा, माझा नव्हे.

माझ्याकडे दुसरं काहीतरी होतं. प्रत्येक तपासनिसाला आयुष्यात एक वाक्य पुराव्याशिवाय शिळेला सांगता येतं. खरं असेल तर शिळा ते वाचलेल्या यादीसारखंच धरून ठेवते आणि कुठलीही सभा ते पुसू शकत नाही. खोटं असेल तर शिळा दुभंगते. मी कामाला लागले त्याच वर्षी माझा भाऊ ओर्म होडी घेऊन गेला तो परतला नाही. 'ओर्म जिवंत आहे' म्हणायचं, असं दर शरदात ठरवायचे आणि दर शरदात गप्प राहायचे. खारवलेल्या हेरिंग माशासारखं ते वाक्य पिंपात भरून ठेवलंयस का, असं सगळा किनारा मला विचारायचा.

परत आले तेव्हा गुरोमावशी शिळेपाशी जाळं विणत बसली होती.

"तुझी शिळा रुसलीय," ती म्हणाली. "कालचे मोजे अजून ओले."

मी तिला सगळं सांगितलं. तिची विणायची सुई थांबली.

"म्हणजे मी राहते कुठे?"

"त्यांच्या हिशेबी कुठेच नाही."

"बरं. मग त्यांच्या धक्क्यासाठी गेल्या महिन्यात माझ्याकडून जाळी नेली, ती कुणी विणली होती? विचार जा तुझ्या मास्तरांना."

विचारायला जायची गरज पडली नाही. खडूची खूण बघायला मास्तर स्वतःच उतरून येत होते. मी किनाऱ्याच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत चालत गेले. प्रत्येक दाराला हात लावला आणि मोजलं. परत येताना उलट मोजलं. आकडा तोच आला.

पाणी खालच्या पायरीला लागलं होतं. मी शिळेवर तळवा ठेवला तेव्हा मास्तरांच्या लक्षात आलं.

"सुन्नीवा," ते हळूच म्हणाले, "ते ओर्मसाठी ठेवलंयस. दुसरं मिळणार नाही."

"ओर्मचा पुरावा माझ्याकडे नाही, मास्तर. यांचा आहे."

मग मी शिळेकडे वळले.

"खालच्या किनाऱ्यावर अकरा घरं आहेत."