चतुराबाईंच्या चुन्यातला मी

मी एक जुना कॅल्शियम आहे. किती जुना ते विचारू नका. डोंगर होण्याआधी मी शिंपल्यात होतो. तुम्ही मला पाहिलेलं नाही, मित्रांनो, पण दूध सांडल्यावर आईची बोलणी खाताना माझं नाव नक्की ऐकलं असेल.

मला खाणीतून काढलं, भट्टीत भाजलं, पाण्यात विरवलं आणि शेवटी चितेगावच्या चतुराबाईंच्या चुन्याच्या डबीत भरलं. डबीतून नखावर, नखावरून पानावर, पानातून पोटात, पोटातून रक्तात. अंगावर दोन धन विद्युतभार घेऊन मी तिथे पोचलो. अशा भारवाल्या कणाला आयन म्हणतात. एवढा प्रवास करून मला नोकरी काय मिळाली?

सेफ्टी पिनची.

सांगतो. रक्तात प्रोथ्रॉम्बिन नावाचं एक प्रथिन हिंडत असतं. त्याच्या शेपटावर ऋण भार दाटीवाटीनं बसलेले असतात आणि सारखे एकमेकांना ढकलतात. त्यामुळे शेपूट निऱ्या सुटलेल्या लुगड्यासारखं लोंबतं. रक्त गोठवायला ते जखमेवर गेलं, तर अशा अवतारात तिथे टिकतच नाही. माझ्याशिवाय त्याची गोष्ट अशी होते:

जखमेवर शेपूट कुठे रक्त बसा कुणी मी थांबा प्रोथ्रॉम्बिन कोण

आणि आम्ही काही भाऊ त्या शेपटात जाऊन बसलो, की अशी:

शेपूट दुमडलं. त्याचं तेलकट टोक बाहेर आलं आणि जखमेवरच्या पेशीच्या चरबीत रुतलं. प्रोथ्रॉम्बिन बसलं. रक्त थांबलं.

रक्त गोठवणाऱ्यांत ‘पाचवा घटक’ म्हणून आणखी एक प्रथिन आहे. त्याचे तर दोन तुकडे माझ्याच भरवशावर एकत्र नांदतात. मी हललो की संसार मोडला. पण पिनेचं कौतुक कोण करतं? मिरवतं लुगडंच.

असो. कौतुक नको, निदान बदनामी तरी नको! पण तीही झाली.

चतुराबाईंच्या पित्ताशयात खडे निघाले. (त्या खड्यांत आमचेही काही भाऊबंद होते. काम नसलं की आमच्यातले काही जण असे कुठेही ठिय्या देतात.) पोटातून कळ यायची तेव्हा त्या पदर दातांत धरायच्या. समोर नवरा, सर्जेराव, ठेचा खायचे. बाईंच्या ताटात पेज. चिकलठाण्याच्या एका दवाखान्यात ऑपरेशन ठरलं, रक्त तपासायला गेलं, आणि रिपोर्ट आला: रक्त गोठतच नाही. ऑपरेशन लांबलं.

"सांगत व्हतो मी," सर्जेराव म्हणाले, "चुना खाऊ खाऊ रक्त पातळ झालं तुझं."

चुन्यानं! मित्रांनो, चुन्यानं!

"तुमच्या बोलण्यानं आटलं नाय, हेच लई झालं," चतुराबाई म्हणाल्या. पण डबी त्यांनी नवऱ्याच्या हातात दिली. मी त्यांच्या कानाच्या पाळीत होतो. सगळं ऐकत होतो आणि मला तोंड नव्हतं.

डॉक्टर मॅडमनी मात्र रिपोर्ट बाजूला ठेवून त्यांनाच विचारलं, "मावशी, आधी कधी रक्त थांबलं नाही असं झालंय?"

"नाय."

"दात काढलाय कधी?"

"दाढ काढली की दिवाळीनंतर. घरी आले अन् भाकरी थापल्या."

"रक्त?"

"दवाखान्यातच थांबलं. थुकायला बी राहिलं नाय."

मॅडमनी रक्त काढणाऱ्या अमृताला बोलावलं. ती दारातच रडवेली झाली.

"शीर सापडेना, मॅडम. निळ्या झाकणाची नळी रेघेपर्यंत भरलीच नाही. मावशींना पुन्हा टोचायचं जिवावर आलं, म्हणून दुसऱ्या तपासणीच्या, जांभळ्या झाकणाच्या नळीतलं थोडं तिच्यात ओतलं. रक्त त्यांचंच होतं की."

रक्त त्यांचंच होतं, पण जांभळ्या नळीत ईडीटीए नावाचं औषध असतं. ते आम्हाला असं आवळतं की सोडत नाही. निळ्या नळीतलं औषध, सायट्रेट, तपासणीपर्यंत नुसता हात धरतं. मग तपासणीच्या वेळी ताजं कॅल्शियम घालतात आणि रक्त किती वेळात गोठतं ते मोजतात. इथे ओतलेल्या ईडीटीएनं ताजे भाऊही गिळले. बिचारी प्रोथ्रॉम्बिनं निऱ्या सोडून फिरत राहिली.

"म्हणजे दया करायला गेलीस अन् माझं ऑपरेशन घालवलंस व्हय गं?" चतुराबाईंनी बाही वर केली. "घे, ह्या हाताचं घे. नाय सापडली तर पायाचं घे. पण आता ओतू नको, माय."

या खेपेला सुईतून मीच ओढला गेलो. निळी नळी, बरोबर रेघेपर्यंत. सायट्रेटनं माझा हात धरला, अगदी सभ्यपणे. नळी गरगर फिरवून लाल पेशी तळाशी बसवल्या. वरच्या पिवळ्या पाण्यात मी. त्यात जखमेवरच्या चरबीसारखं औषध पडलं, मागून ताज्या भावांची गर्दी आली. सायट्रेटचे हात कमी पडले, मी सुटलो आणि समोरच्या शेपटात शिरलो.

निऱ्या बसल्या.

यंत्र वाजलं. वेळेत!

मी आता या गुठळीत अडकलोय, मित्रांनो. थोड्या वेळानं नळीबरोबर मलाही टाकून देतील. तुमच्याकडे एकच मागणं आहे. तुमची नळी कधी भरली नाही, तर दुसरीतलं ओतू देऊ नका. रडायचं तर रडा, पण दुसरा हात पुढे करा. आणि पिनेवर आळ घेण्याआधी लुगडं कुणी सोडलं ते बघा.

अमृता फोनवर सांगतेय, "रिपोर्ट चांगला आला, मावशी. गुरुवारी ऑपरेशन."

"देव तुझं भलं करो. अन् पोरी, चुना?"

"ते मॅडमना विचारा बाई."

मॅडम काय म्हणतील ते म्हणोत. फोनमध्ये मागून सर्जेरावांचा आवाज येतोय, भांडी हलवल्याचाही:

"अगं, डबी कुठं ठिवली म्या?"