बंद दारामागचा पेशंट

सासरेबुवांचा उभा जन्म बसमध्ये तिकिटं तपासण्यात गेला होता. समोरचा नुसता हसला तरी त्यांची नजर आधी त्याच्या खिशाकडे जाई. आता मुलगा जहाजावर, त्यामुळे तपासायला घरात एकच प्रवासी उरली होती, सून.

सून मुळात नर्स. पण स्वतः पेशंट तपासून औषध लिहून देणारी नर्स व्हायचं, म्हणून ती पुढचं शिकत होती. संध्याकाळी दार लावून लॅपटॉपवर वर्ग, महिन्यातून दोन दिवस कॉलेजात मुक्काम, आणि दर मंगळवारी एका दवाखान्यात, तिला शिकवणाऱ्या मोठ्या बाईंच्या हाताखाली काम. असलं तीन ठिकाणी सांडलेलं शिक्षण म्हाताऱ्याच्या पचनी पडेना.

एकदा ते तिला चहा द्यायला गेले आणि दाराशीच थबकले. आत ती कोणाला तरी सांगत होती, "पेशंट एकाहत्तर वर्षांचे. पत्नी गेल्यापासून गप्प असतात. जिन्यात दम लागतो, पण लपवतात. घरी एकटं ठेवणं धोक्याचं."

म्हाताऱ्याच्या पायाखालची जमीन सरकली. आपली रवानगी वृद्धाश्रमात व्हायचं घाटतंय, दुसरं काय! चहा त्यांनी स्वतःच पिऊन टाकला.

संशयाला औषध नाही म्हणतात. तेव्हापासून तिच्यादेखत ते जिना ताठ मानेनं चढत आणि मग न्हाणीघराचं दार लावून धापा टाकत. ती कॉलेजला गेली, तर ही आश्रमच बघायला गेली असं त्यांनी धरलं. परतल्यावर तिनं मंगळवारी दवाखान्यात चला म्हटलं, तेव्हा त्यांनी पिशवीत दोन पायजमे आणि बायकोचा फोटो भरला.

दवाखान्यात मोठ्या बाई मागे उभ्या होत्या. सुनेनं काय त्रास होतो ते विचारलं.

"काही नाही. आश्रम कुठला ठरवलास, तेवढं सांग."

सून गोंधळली. मग त्यांनी दाराआड ऐकलेलं सगळं म्हणून दाखवलं. मोठ्या बाईंनी चष्म्यावरून तिच्याकडे बघत, पेशंटला विचारलं होतंस का, एवढंच विचारलं. तिनं विचारलं नव्हतं.

"चुकलं माझं, बाबा. वर्गात तुमचीच केस मांडली. पण तुम्ही एकटे पडू नये म्हणून तर मी हा घरून शिकायचा कोर्स घेतला."

म्हाताऱ्याला स्वतःची लाज वाटली. त्यांनी पायानं पिशवी खुर्चीखाली सारली.

"आता तुम्हीच सांगा," ती म्हणाली. "जिन्यात कुठे थांबता?"

"आधी दुसऱ्या मजल्यावर थांबायचो. तुझं ऐकल्यापासून थांबतच नाही. छातीत दुखलं तरी."

मोठ्या बाईंनी ईसीजीचं मशीन जवळ ओढलं.