तुलारामच्या गाडीवरची फुल प्लेट

मी कारध्याच्या पुलाजवळची, तुलारामच्या चायनीजच्या गाडीवरची फुल प्लेट बोलतेय. एवढं बोलायलाही धीर गोळा करावा लागला, कारण मी जन्माची घाबरट. कढईवर झारा आपटला की दचकते. आणि अशा गाडीवर झारा आपटण्याशिवाय दुसरं असतं काय?

आधी इथे लहान प्लेटा होत्या. त्या तडकून संपल्या, तेव्हा तुलारामने दिवाळीला भंडाऱ्याच्या बाजारातून आम्हा बारा ऐसपैस बहिणींना आणलं. पहिल्याच दिवशी घोळ झाला. त्याने नेहमीएवढंच चाऊमीन माझ्यात वाढलं आणि ते मधोमध बिचारं होऊन बसलं, मोठ्या तलावात एकटं बदक बसावं तसं. तुलाराम ओशाळला.

"असं देलं तं लोकं म्हणतीन, कंजूस झाला," म्हणत त्याने अजून एक झारा ओतला. तरी काठ उघडे दिसले, म्हणून अजून थोडं. झाली 'एक प्लेट'! भूक कोणी कुणाला विचारलीच नाही.

माणसंही धन्य. जवाहरनगरचे एक साहेब सकाळी मैदानाला तीन फेऱ्या मारतात, संध्याकाळी माझ्यासमोर पट्टा एक भोक सैल करतात आणि म्हणतात, "इथलं हवापाणी मानवलं." हवापाणी! मैदा म्हणा ना, साहेब.

माझा जीव मात्र रेणूत. पोलीस भरतीची तयारी करणारी पोरगी. मैत्रीण अंजूबरोबर पळून झालं की इथे यायची. पानात टाकायचं नाही, ही तिच्या घरची शिस्त. शेवटची नूडल बोटाने निपटून खायची. मी आपली खूश. इतकं प्रेम माझ्यावर कुणी केलं होतं?

एका संध्याकाळी अंजूने मोबाईलवरची वेळ रेणूच्या नाकासमोर धरली. "तीन मिनिटं बारा सेकंद! दिवाळीआधी तीनच्या आत येत होती तू. आठशे मीटर पळून राहिली का वरातीत चालून राहिली?"

"बूट खराब आहेत माझे."

"बुटाले कायले शिव्या देतं? चार किलो वाढली तू. मंगळवारी भरतीची ग्राउंड परीक्षा आहे, रेणू. हे हुकलं तं पुढच्या भरतीत वय बसत नाही तुझं."

"पण एकच प्लेट तं खातो मी रोज!"

एकच. माझ्या अंगावर काटा आला. ती एक म्हणजे मीच की!

तेवढ्यात तुलारामने मला शिगोशीग भरून तिच्यासमोर ठेवलं. "खा बाई, पळाले ताकद पायजे."

रेणूने काट्याने मधोमध एक रेघ ओढली. अलीकडचं खाल्लं. रेघेपाशी थांबली. काटा उचलला, ठेवला, पुन्हा उचलला. डोळे भरून आले होते तिचे. चाऊमीनपायी कुणी रडतं का? पण मलाही हसू येईना. शेवटी ती उठलीच.

तुलारामचा चेहरा पडला. "काहून? बिघडलं का आज?"

"लय मस्त होतं, काका. माझं पोट रोज इथपर्यंतच भरत होतं. बाकीचं मी फक्त तुमची प्लेट रिकामी कराले खात होतो."

तुलारामने झारा असा आपटला की मी टेबलावरून पडता पडता वाचले.

दुसऱ्या दिवशी दोघी आल्या आणि एकच प्लेट मागितली, काटे दोन.

"एकीत दोघी? गाडी बंद पाडता का माझी?"

"बंद नाही पडत काका, तुमचंही पोट पाहा जरा," अंजू म्हणाली. तुलारामने शर्ट खाली ओढला.

तेव्हापासून मी दोघींच्या मध्ये असते. चार किलो मंगळवारपर्यंत उतरत नाहीत, एवढं मलाही कळतं. पण काल अंजूच्या मोबाईलवर तीन मिनिटं सात सेकंद आलं होतं. मंगळवारी काय होतं या धास्तीने माझी झोप उडाली आहे. तुम्ही कधी पुलाकडून गेलात तर थांबा. फक्त एकटे येऊ नका, कुणाला तरी सोबत आणा आणि दोघांत एक मागा. तुलाराम तोंड वाकडं करेल. करू द्या.