टाळीचं वाक्य

बडोद्यात सुभानराव मोहित्यांना ओळखत नाही असा मराठी माणूस शोधून काढावा लागेल. दिवसा गोरवा भागातल्या कारखान्यात स्टोअरकीपर आणि सुट्टीच्या दिवशी गणपतीत, लग्नात, गॅदरिंगला विनोदवीर. प्रेक्षकांतून कुणीही एक शब्द फेकावा आणि ह्यांनी त्यावर अर्धा तास लोकांना लोळवावं. निवृत्त झाल्यावर, शहाण्णव साली, त्यांनी आठवणींचं पुस्तक लिहिलं. त्यात आयत्या वेळच्या विनोदाचे धडेही दिले. पहिला धडा असा: समोरचा जे म्हणेल ते नाकारायचं नाही. ‘हो’ म्हणायचं आणि वर आपलं काहीतरी घालायचं.

त्यांच्या बायकोला, कांचनबाईंना, हे वाचून हसू आलं. चौतीस वर्षांच्या संसारात त्यांच्या वाट्याला असा ‘हो’ कधी आला नव्हता.

पुस्तकाच्या प्रत्येक पानावर, इतकी वर्षं स्टेजवर असायची तशीच, ‘आमची ही’ होती. ती पोळ्या करपवायची, घोरायची, नवऱ्यावर डाफरायची. खऱ्या कांचनबाईंचा आवाज शेजारच्या खोलीतसुद्धा जात नसे. पण भाजीवालीही विचारी, “काकी, आजे काकाने शुं बाळीने खवडाव्युं?” काय जाळून खाऊ घातलंत म्हणे. दाढ दुखतेय म्हटलं तरी लोक आधी हसून घेत आणि मग औषध सांगत. घरात येणंजाणं पुष्कळ, पण ज्याच्याशी दोन शब्द बोलावेत असं माणूस त्यांना एकही नव्हतं.

हेही त्यांनी सोसलं असतं. पण सातव्या प्रकरणात चपलेचा किस्सा होता. आमची ही डेपोत डभोईच्या बसमागे एका चपलेनं धावतेय, कारण माहेरी आज भजी आहेत! खरं तर त्या दिवशी तार आली होती, आई अत्यवस्थ आहे म्हणून. कांचनबाई पोचल्या तेव्हा सगळं आटोपलं होतं. एका चपलेनं धावल्याचं त्यांनी फक्त नवऱ्याला सांगितलं होतं, रडत. नवऱ्यानं चप्पल तेवढी ठेवली आणि आई गाळली.

प्रकाशनाच्या दिवशी सकाळी त्या म्हणाल्या, “अहो, एवढं एक ऐका. चपलेचं पान आज वाचू नका.”

“बरं, नाही वाचत,” सुभानराव आरशात बघत म्हणाले.

सयाजीगंजातला हॉल भरला होता. दोन किस्से झाले आणि मागून कुणीतरी नवं पुस्तक चाळता चाळता ओरडलं, “चप्पल, चप्पल!” सुभानरावांना राहवेना. भज्यांपर्यंत येईतो लोक खुर्च्यांवरून घसरायच्या बेताला आले होते. मग त्यांनी बायकोला वर बोलावलं आणि माईक पुढे केला. “बोल, काय तक्रार आहे ती लोकांपुढेच सांग.”

कांचनबाईंनी माईक हातात घेतला. आणि त्या बोलल्या. “त्या दिवशी माझी आई गेली होती.”

हॉल चिडीचूप झाला. एवढं मोठं सभागृह आपलं ऐकतंय, हे कांचनबाईंनी जन्मात प्रथम अनुभवलं. त्यांनी नवऱ्याकडे पाहिलं. आता हे ‘हो’ म्हणतील आणि पुस्तक मिटतील, असं त्यांना अगदी मनापासून वाटलं.

“हो,” सुभानराव म्हणाले, “आणि जाताना सासूबाई हिची चप्पलही घेऊन गेल्या!”

शांतता लोकांनाही जड झाली असावी. हॉल असा फुटला की विचारू नका. उचलली जीभ लावली टाळ्याला, दुसरं काय!

“मी डभोईला जाते,” कांचनबाई म्हणाल्या.

“जा, जा. या खेपेला दोन्ही घालून जा.”

टाळ्या चालू असतानाच त्या पायऱ्या उतरल्या, मधल्या वाटेनं बाहेर पडल्या आणि डेपोवर जाऊन बसमध्ये बसल्या. लोकांना तो प्रवेशाचाच भाग वाटला. बसमध्ये शेजारची जागा डभोईपर्यंत रिकामी राहिली, ते त्यांना बरंच वाटलं.

डभोईत त्यांचे धाकटे भाऊ उदयसिंहराव राहत. त्यांनी आईची खोली झाडून दिली. पाचव्या दिवशी सुभानराव तिथे आले आणि ओट्यावर बसून त्यांनी वही उघडली.

“काय रंगलं गं त्या दिवशी! गाव अजून तेच बोलतंय. दुसऱ्या आवृत्तीत घालतोय. फक्त शेवट जमत नाही.”

कांचनबाईंनी त्यांच्या तोंडाकडे नीट पाहिलं. या माणसाच्या मनात कपट नव्हतं. त्यांना खरोखरच काही ऐकू आलं नव्हतं, आणि कपटापेक्षा ते वाईट होतं.

“शेवट मी सांगते. लिहाल?”

“हो, सांग ना.”

“ती परत आली नाही.”

सुभानरावांनी मान डोलावत लिहून घेतलं. “छान. आणि मग?”

“मग काही नाही,” कांचनबाई म्हणाल्या आणि आत गेल्या. आईच्या जुन्या खाटेवर बसून त्या रडल्या, अगदी पोटभर, कुणाच्या हसण्याची भीती न बाळगता. बाहेर सुभानराव हातात पेन धरून, ती आता बाहेर येईल म्हणून वाट बघत बसले होते.