सव्वापाच फुटी पलंग

"काका, पलंगावर बसायचं नसतं," विक्रीवाली बाई गोड आवाजात म्हणाली. पण सासरे बसून मोकळे झाले होते. आणि बसल्या बसल्या ते एकदम भव्य दिसायला लागले. एरवी चारचौघांत शोधावा लागणारा माणूस, तो चौकातला पुतळा वाटायला लागला.

हे नमुन्याचं रो-हाउस बघायला आम्ही तिसऱ्यांदा आलो होतो. तीन मजले, आतून जिना, जिन्यावर खिडकी. पहिल्या वेळी मी उगाचच आवाज खाली केला होता, घर झोपलेलं असावं तसा. भाव दर सोमवारी वाढायचा. मागच्या सोमवारी एक गृहस्थ बाथरूम बघायला आत गेले आणि बाहेर येईपर्यंत घर त्यांच्या आवाक्याबाहेर गेलं. आज रविवार होता. रांगेत असंच एक घर उरलं होतं आणि बुकिंगचा चेक माझ्या खिशात होता. तिच्या बाबांनी एकदा नजर टाकावी, एवढीच बायकोची इच्छा. बाबा जन्माचे सुतार. त्यांचा माल कुठे जातो हे घरात कोणालाच ठाऊक नव्हतं. विचारलं की म्हणायचे, "मोठ्या घरांत."

"बाबा, केवढी खोली आहे ना?" बायको म्हणाली.

सासऱ्यांनी छताकडे बघितलं, मग माझ्याकडे. "जावईबापू, जरा आडवे व्हा."

मी झालो. डोकं उशीवर टेकलं तेव्हा पाय पलंगाची हद्द ओलांडून बरेच पुढे गेले होते.

"सव्वापाच फूट," सासरे म्हणाले. "कपाट वीतभर उथळ. हँगरला शर्ट लावलात तर दार लागायचं नाही. टेबल, खुर्च्या, सगळं बारीक. खोली मोठी दिसावी म्हणून. तुमचा पलंग इथे आणलात तर भिंतीला चिकटून चालावं लागेल."

"तुम्हाला काय माहीत?" मी पडल्या पडल्या विचारलं.

"मीच केलंय. तीस वर्षं हेच करतोय."

बाईचं हसू जागच्या जागी राहिलं, आवाज तेवढा बदलला. "काका, पुढच्या टप्प्याचं काम तुम्हालाच द्यायचं ठरलंय ना?"

"ठरलं होतं," सासरे म्हणाले. "आता दुसरा बघा."

मला वाटलं, बायको रडणार. या घरासाठी तिने पडद्याचं कापडसुद्धा निवडून ठेवलं होतं. पण ती त्या उथळ कपाटाच्या कडेवरून बोट फिरवत राहिली. सांधा कुठे आहे ते बोटाला सापडेना. ती दुसऱ्या बाजूने गेली, वाकून खालून बघितलं.

"अख्खं तुम्ही केलंत?"

"हं."

"मग आम्हाला कधी दाखवलं का नाहीत?"

"काय दाखवायचं त्यात. यात कोणी राहत नाही."

चेक खिशातच राहिला. सासरे उठले आणि परत नेहमीएवढे झाले. मी लोळलो होतो तिथली चादर त्यांनी तळहाताने सारखी केली. टेबलाचा एक खण किंचित तिरका बसला होता. तो त्यांनी बाहेर काढला, फुंकर मारली, परत बसवला, आणि आवाज न होता बंद झाल्यावरच हात काढला.