वेगमहाराजांचा सर्व्हर

सर्व्हरच्या खोलीबाहेर मुंगीलाही शिरायला जागा नव्हती. डॉक्टर, नर्स, औषधवाले, सफाईवाले, सगळे हातातली कामं टाकून टाचा उंचावून आत बघत होते. आत कपाटाएवढ्या सर्व्हरवर तळहात टेकवून, डोळे मिटून वेगमहाराज उभे होते. खरं तर ते यंत्रांचे सल्लागार. 'महाराज' ही पदवी इस्पितळातल्या लोकांनी दिली आणि त्यांनी ती नाकारली नाही.

"नेटवर्क कार्ड म्हणजे सर्व्हरचं नाक," ते घोगऱ्या आवाजात म्हणाले. "नाक चोंदलं की माणूस गुदमरतो, तसंच हेही. मी ड्रायव्हरच्या, म्हणजे कार्ड चालवणाऱ्या प्रोग्रॅमच्या, सेटिंग्ज बदलत नाही. मी कार्डाचं ऐकतो. काय हवंय ते तेच मला सांगतं."

तळमजल्यावर काढलेला मेंदूचा स्कॅन वर शस्त्रक्रियेच्या मजल्यावर आजवर रखडत जायचा. महाराजांनी बटण दाबलं आणि डोळ्याचं पातं लवायच्या आत तो पडद्यावर उमटला. टाळ्यांचा कडकडाट झाला. अधीक्षकांनी तर चक्क हात जोडले.

"आजपासून स्कॅनच्या सीडी हातानं वर न्यायच्या नाहीत," त्यांनी तिथल्या तिथे फर्मान काढलं. "विश्वास ठेवायचा तर पुरता ठेवायचा!"

संगणक विभाग सांभाळणाऱ्या ताई दाराशी उभ्या होत्या. आपल्याला इतक्या वर्षांत जे जमलं नाही, ते या माणसानं डोळ्यांदेखत करून दाखवलं होतं. त्यांनीही टाळ्या वाजवल्या.

दुसऱ्या दिवशी कामाची गर्दी सुरू झाली आणि स्कॅन पूर्वीपेक्षाही जास्त रखडू लागले. महाराजांना पुन्हा बोलावलं.

"कुणीतरी शंका घेतंय," ते ताईंकडे बघत म्हणाले. "शंकेखोर हात लागला की कार्ड रुसतं."

नाचता येईना अंगण वाकडं, पण वाकडेपणाचं खापर फुटलं ताईंच्या डोक्यावर. खोलीची किल्ली त्यांच्याकडून काढून घेतली. मग तो शिरस्ताच पडला. महाराज यायचे, "कार्डाला शांतता हवी" म्हणून सगळ्यांना आपापल्या संगणकावरून उठवायचे, दार लावून काहीतरी टंकायचे, स्कॅन झर्रकन दाखवायचे. टाळ्या व्हायच्या. दुसऱ्या दिवशी पुन्हा येरे माझ्या मागल्या.

एका दुपारी एका निवृत्त विज्ञान शिक्षकांच्या बायकोला आणलं. जिन्यावरून पडून डोक्यात रक्तस्राव झाला होता. खाली स्कॅन झाला. वर सर्जन पडद्यासमोर उभे राहिले. चित्र अर्ध्यावर येऊन अडकलं.

"सीडी पाठवा!" ते फोनवर ओरडले.

"सीडीचं यंत्र कोठारात टाकलंय, साहेब. येईलच स्कॅन. महाराजांनी परवाच ठीक केलंय," खालचा माणूस म्हणाला.

'येतंय, येतंय' म्हणता म्हणता वेळ गेला. शेवटी सर्जन स्वतःच जिना उतरून धावले, चित्र बघून धापा टाकत परत आले. तोवर करण्यासारखं काही उरलं नव्हतं.

काही दिवसांनी ते शिक्षक, सगळ्यांचे 'सर', ताईंच्या टेबलासमोर येऊन बसले. शर्टाची बटणं एक घर चुकलेली होती.

"आमच्या हिचा फोटो वर का पोचला नाही?"

"कुणाच्यातरी शंकेमुळे..." ताईंच्या तोंडून निघून गेलं आणि त्यांचा चेहरा पांढरा पडला. बायको गमावलेल्या माणसाला आपण महाराजांचंच वाक्य ऐकवतोय, हे त्यांच्या ध्यानात आलं.

"शंकेला वजन असतं का हो, ताई? तारेतून वाहते का ती?" सरांचा आवाज चढला नाही. "बरं, तो वेग दाखवतो तेव्हा बाकीचे काय करत असतात?"

"काही नाही. सगळ्यांना उठवतात."

"मग मोकळ्या रस्त्यावर कुणाचीही गाडी पळेल की!"

हा प्रश्न आपल्याला का पडला नाही, हे ताईंना आतून कुरतडत राहिलं.

पुढच्या खेपेला महाराज आले तेव्हा गर्दीतून सर पुढे झाले, मागोमाग सर्जन; सरांनी त्यांना सगळं सांगितलं होतं.

"आज कुणी उठायचं नाही," सर्जन म्हणाले. "ज्याचं संगणकावर काम आहे, त्यानं ते चालू ठेवायचं. दाखवा स्कॅन."

"असं नसतं करायचं! कार्डाची एकाग्रता..."

"माझी बायको आली तेव्हा इस्पितळ एकाग्र नव्हतं," सर म्हणाले.

महाराजांनी सर्व्हर कुरवाळला, टंकलं, बटण दाबलं. अर्धी कवटी उमटली आणि चित्र थिजलं.

सर्जननी अधीक्षकांपुढे हात केला. त्यांनी मुकाट्यानं किल्ली काढून दिली. ताई आत गेल्या.

"आता सगळ्यांनी संगणकावरचे हात बाजूला घ्या. मी एकही सेटिंग बदलत नाही."

स्कॅन क्षणात आला. कुणी टाळी वाजवली नाही.

"हाच तो चमत्कार," ताई म्हणाल्या आणि त्यांनी कार्डाच्या सेटिंग्ज उघडल्या. "आणि रखडायचं का, तेही ऐका. हे कार्ड आणि तारेच्या दुसऱ्या टोकाचा, सगळ्या संगणकांना जोडणारा तो डबा, कसं बोलायचं ते आपसात ठरवत असतात. यांनी कार्डाला हातानं सक्ती केली: ऐकताना बोलत राहा. डब्याला त्याचा पत्ताच नाही. तो समजतो, एकानं बोलायचं तेव्हा दुसऱ्यानं थांबायचं. गर्दी झाली की दोघं एकमेकांवर आदळतात, निरोप फुटतात, पुन्हा पुन्हा पाठवावे लागतात. हा बघा टकरींचा आकडा, कसा चढतोय!"

त्यांनी ती सक्ती काढली आणि सगळ्यांना कामाला बसवलं. स्कॅन आला. झर्रकन नाही, पण सलग आणि पूर्ण.

"मी तर वेग वाढवायलाच..." महाराज पुटपुटले. त्यांना फसवायचं होतं की त्यांनाच कळत नव्हतं, हे शेवटपर्यंत समजलं नाही. मेलेल्या बाईला त्यानं काय फरक पडणार?

"सीडी आली असती तर ती वाचली असती?" सरांनी सर्जनना विचारलं.

सर्जननी नजर चुकवली नाही. "कदाचित. खात्री देत नाही. पण संधी मिळाली असती."

सरांनी मान हलवली. मग ते गर्दीकडे वळले.

"चमत्कार दाखवणारा भेटेल, तेव्हा त्याच्या अटी आधी विचारा. तो म्हणेल 'आत्ता बघा', तर तुम्ही म्हणा 'आम्ही सांगू तेव्हा दाखव'. त्याला राग आला तर येऊ द्या. आणि तुम्ही टाळ्या वाजवत असाल, तेव्हा आपण कुठली जुनी सोय मोडीत काढतोय, तेवढं बघा."

अधीक्षक खाली मान घालून कोठाराकडे निघाले. सीडीचं यंत्र त्यांनी स्वतः उचलून आणलं.