झेलणारी पोरगी

लाँड्रीवाल्याच्या पोरीला घरात सगळे वेंधळी म्हणत, आणि त्यात कुणाला काही वावगं वाटत नसे, तिलासुद्धा. तिच्या हातात दिलेली वस्तू खाली पडणार हे ठरलेलंच. कपबशी, हँगर, धाकट्या भावाचं दप्तर, भर परीक्षेत स्वतःचं पेन. "हिच्या हातांना बोटं आहेत की नुसती शोभा?" असं आई इस्त्रीवरून मान वर न करता विचारायची. पोरगी नववीत होती. एका जागी दोन मिनिटं बसणं तिला माहीत नव्हतं. पाय हलत, नखं कुरतडली जात, आणि शिकवणीत काय झालं असं विचारलं तर खिडकीबाहेर काय झालं ते ती सांगत असे.

तर अशा पोरीच्या हातात एका दुपारी आभाळातून मूल पडलं. यात तिचं कर्तृत्व किती, ते आधीच सांगून टाकलेलं बरं, कारण पुढे सगळ्यांनी त्याचा नुसता बट्ट्याबोळ केला.

लाँड्रीत कपड्यांवर नावं लिहीत नसत. प्रत्येक गिऱ्हाइकाचा एक रंग, आणि त्या रंगाच्या दोऱ्याचा एक टाका कापडाच्या कोपऱ्यात. ट्यूबलाइटखाली निळा आणि जांभळा टाका जुळ्या भावांसारखे दिसतात. म्हणून ते दोन उजेडात नेऊन बघायचे, असा बाबांचा दंडक होता. पोरीनं अर्थातच बघितले नाहीत. जांभळ्याचे पडदे घेऊन ती निळ्याच्या इमारतीत गेली. बाबांची दुसरी शिकवण अशी की, पडदे पोचवायचे तर आधी अंगणात उभं राहून वर बघायचं. ज्या घराच्या खिडक्या उघड्याबोडक्या, ते आपलं घर. आणि तिसरी शिकवण, धुतलेले पडदे डोक्यावर न्यायचे नाहीत, खाली तर मुळीच टेकवायचे नाहीत. दोन्ही हात पुढे करून आडवे धरायचे, म्हणजे चुण्या पडत नाहीत.

म्हणून ती अंगणात हात पसरून, वर बघत उभी होती. एकूणएक खिडक्यांना पडदे. चूक कळली, तशी तिनं स्वतःला एक सणसणीत शिवी घातली. ऊन थेट डोळ्यांत येत होतं. तिनं डोळे घट्ट मिटले, आणि पुढच्याच क्षणी हातांवर काहीतरी धप्पकन आदळलं. ती, पडदे आणि ते काहीतरी, सगळेच फरशीवर कोसळले. डोळे उघडले तेव्हा पडद्यांच्या ढिगात एक गुबगुबीत पोरगा बसला होता आणि दात लागलेली जीभ बाहेर काढून भोकाड पसरत होता.

तो दुसऱ्या मजल्यावरच्या दातांच्या डॉक्टरीणबाईंचा एकुलता एक. लाडाचं नाव ढब्बू.

"झेललं! पोरीनं झेललं!" वॉचमन ओरडला, आणि तिथून पुढे तिला विचारायला कुणाला सवडच मिळाली नाही. पोरगी वर बघत होती, हे वॉचमननं पाहिलं होतं. हात पसरलेले होते, हेही त्यानं पाहिलं होतं. मग आणखी काय पाहिजे? मूल खिडकीत दिसताच ही धावली, नेम धरून उभी राहिली आणि अलगद झेललं, असं संध्याकाळपर्यंत गल्लीत झालं होतं. बाबांनी तर त्यात एवढं तिखटमीठ घातलं की ऐकताना खुद्द पोरीला पुढे काय होणार याची उत्सुकता वाटायची. इस्त्री हातात, वाफ नाकात, आणि गिऱ्हाईक समोर, की बाबा सुरू. "लहानपणापासून हात फार पक्के हिचे," असं ते म्हणाले, तेव्हा आतून आईला जोराचा खोकला आला.

शाळेत टाळ्या झाल्या. खेळाच्या सरांनी तिला थेट मुलींच्या संघात गोलकीपर केलं. पहिल्याच सामन्यात झाडून सगळे चेंडू तिच्या अंगावरून, बगलेतून गेले, आणि एक तर पायांमधून गेला. सर म्हणाले, "दडपण आलंय बिचारीला." एवढ्या मोठ्या मनाचा माणूस तिनं आजवर पाहिला नव्हता, आणि त्या क्षणी तिला त्याचा भयंकर राग आला.

पण लबाडी नको. तिला ते आवडलंही होतं. वेंधळी हे नाव महिन्याभरात घरातून नाहीसं झालं. मुली तिच्याशेजारी बसायला भांडत. रस्त्यातून जाताना कुणी बोट दाखवलं की तिची मान ताठ व्हायची, आणि वळणापलीकडे गेल्यावर ती आपोआप खाली यायची. आरशात बघताना ती हात पुढे करून बघे. हे झेलणाऱ्या मुलीचे हात. मग पटकन खाली घेई. रात्री कूस बदलून बदलून चादरीचा पार बोळा होई.

एकदा तिनं बाबांना सांगून बघितलं. "बाबा, मी झेललं नव्हतं. तो आपला पडला."

"बघा," बाबा गिऱ्हाइकाला म्हणाले, "गर्व म्हणून नाही पोरीला."

मग आईला सांगितलं. आईनं शर्टाची कॉलर दुमडली, पुन्हा उलगडली. "मला कळत नाही होय गं? मी तुला जन्म दिलाय. पण पोरगं वाचलं, तुझं नाव झालं, तुझ्या बापाची छाती फुगली. यात वाईट कुणाचं झालं, सांग? उगाच उकरत बसू नकोस."

वाईट कुणाचं झालं हे पोरीला सांगता येईना.

डॉक्टरीणबाई मात्र दर आठवड्याला ढब्बूला घेऊन दुकानात येत. आल्या की पोरीचे दोन्ही हात हातात घेत. "त्या खिडकीचा विचार आला की मला घाम फुटायचा गं. खिडकीला जाळी बसवली, तरी दचकून उठायची. आता मी स्वतःला सांगते, ती आहे ना! मग झोप लागते." हे ऐकल्यावर खरं सांगायला कुणाची जीभ रेटणार? पोरगी मान खाली घालून पडद्यांच्या घड्या मोजल्यासारखं करी.

आणि ढब्बूला तर त्याची गोष्ट झोपताना, जेवताना, रडताना, दिवसातून कितीदा तरी ऐकवली जात होती. तू पडलास आणि ताईनं तुला झेललं. त्याच्या एवढ्याशा डोक्यात ते पक्कं बसलं. तो काउंटरवर चढे आणि ओरडे, "ताई, झेल!" ती झेलायची. काउंटर म्हणजे काय, कमरेइतका. सगळे हसायचे. मग तो स्टुलावरून काउंटरवर ठेवलेल्या गाठोड्यावर चढून तिथून उडी मारायला लागला. तेही तिनं झेललं, दात-ओठ खाऊन, आणि रात्रभर तिचे खांदे दुखत राहिले. "बस हां आता, ढब्बू," ती म्हणाली. पण आवाजात जोर नव्हता, कारण बाबा समोरच कौतुकानं बघत उभे होते.

सुट्टीच्या दिवशी सकाळी डॉक्टरीणबाईंचे पांढरे कोट पोचवायला ती निघाली. इस्त्री केलेले, हँगरला लावलेले, दोन्ही हातांत धरलेले. त्या इमारतीचा जिना उघडा होता, आणि प्रत्येक वळणावर बसता येईल अशी रुंद, अर्धी भिंत. डॉक्टरीणबाई खाली गाडीजवळ वॉचमनशी बोलत उभ्या होत्या. ढब्बू मागून उतरतोय अशी त्यांची समजूत.

पोरगी फाटकातून आत शिरली आणि वरून आवाज आला. "ताई! झेल!"

ढब्बू पहिल्या मजल्याच्याही वरच्या वळणावर, त्या अर्ध्या भिंतीवर उभा होता. उभा! दोन्ही हात पाखरासारखे पसरून. खाली सगळी फरशी.

डॉक्टरीणबाईंच्या तोंडून किंकाळी निघता निघता अडकली. त्यांनी वर पाहिलं, मग पोरीकडे पाहिलं. आणि त्यांच्या चेहऱ्यावरची भीती ओसरली. पोरीनं ते स्वच्छ पाहिलं. त्या दोन पावलं मागे सरकल्या. वॉचमननं हात आडवा करून सायकलवाल्या पोरांना थांबवलं. "सरका, सरका! तिला जागा द्या!"

सगळ्यांनी जागा दिली. मोकळ्या अंगणाच्या मधोमध ती एकटी उभी राहिली. हातांतले कोट कधी गळून पडले ते कळलं नाही. आज हातांवर पडदे नव्हते. नुसते हात होते, आणि ते कसे आहेत हे तिच्याइतकं कुणाला ठाऊक होतं! इतका वेळ एकही माणूस जिन्याकडे वळला नव्हता. ती आहे ना!

"ताई, मी येतो हां!" ढब्बूनं गुडघे वाकवले.

तिनं दोन्ही हात पाठीमागे नेले आणि एकमेकांत घट्ट अडकवले.

"नाही झेलणार!" ती ओरडली. "ढब्बू, मला झेलता येत नाही!"

"येतं!"

"नाही येत! त्या दिवशी पण नव्हतं झेललं. तू पडलास. माझ्या हातात पडदे होते, त्यांच्यावर पडलास. मी डोळे मिटले होते, मला तू दिसलाससुद्धा नाहीस!"

"खोटं! आई सांगते तू झेललंस!"

"आईला माहीत नाही! कुणालाच माहीत नाही!" तिचा आवाज फाटला. "आज उडी मारलीस तर फरशीवर आपटशील. मी हात पुढे करणार नाही. बघ, मागे बांधलेत. खाली बघ ढब्बू, किती लांब आहे बघ!"

ढब्बूनं पहिल्यांदाच खाली पाहिलं. आजवर तो उंचीकडे नव्हे, तिच्याकडे बघत आला होता. त्याचे ओठ थरथरले, आणि तो भिंतीवर बसकण मारून दोन्ही हातांनी काठ गच्च धरून रडायला लागला.

तेवढ्यात वॉचमनच्या डोक्यात प्रकाश पडला. तो जिन्यानं धावत सुटला आणि धापा टाकत वर पोचून त्यानं ढब्बूला मागून घट्ट धरून आत ओढलं.

अंगणात एकच गलका झाला. सायकलवाली पोरं टाळ्या पिटू लागली. डॉक्टरीणबाई हसत-रडत पोरीकडे धावल्या आणि त्यांनी तिचा हात धरला. "काय डोकं चालवलंस गं! असं काही बोललीस म्हणून बसला तो. दुसऱ्यांदा वाचवलंस माझ्या बाळाला!"

बाहेर पडायला यापेक्षा सोपी वाट कुठली असणार? नुसती मान हलवायची होती. संध्याकाळपर्यंत गल्लीत नवी गोष्ट पसरली असती, जुनीपेक्षा चढ, आणि बाबांना इस्त्री करायलाही उसंत मिळाली नसती. पोरीनं मान हलवायला सुरुवातही केली होती. पण जिन्यातून ढब्बूचे हुंदके येत होते, आणि त्या हुंदक्यांत तिच्यावरचा राग होता. त्या सगळ्या गर्दीत तिचं म्हणणं एका त्यालाच पटलं होतं.

"डोकं नाही चालवलं, डॉक्टरीणबाई," ती म्हणाली. "ते सगळं खरं आहे."

"अगं, काय खरं?"

"मी चुकून तुमच्या इमारतीत आले होते. खिडक्या बघत होते. डोळ्यांवर ऊन आलं म्हणून डोळे मिटले. मी झेललं नाही. मी फक्त तिथं होते."

डॉक्टरीणबाईंनी तिचा हात सोडला. त्या हसत होत्या ते थांबलं. त्यांनी पोरीकडे पाहिलं, मग वर त्या भिंतीकडे, मग आपण उभ्या होतो त्या जागेकडे. मग जिन्याच्या पहिल्या पायरीवर मटकन बसल्या.

"मी मागे सरकले," त्या म्हणाल्या.

पोरगी धुळीत पडलेल्या कोटांकडे बघत राहिली.

"माझं पोर वर उभं होतं, आणि मी मागे सरकले."

पळून जावं असं पोरीला फार वाटलं. पाय तर केव्हाचे तयार होते. पण ती त्यांच्याशेजारी पायरीवर बसली. वॉचमन ढब्बूला कडेवर घेऊन खाली आला. एरवी तिला पाहताच तो झेप घ्यायचा. आज त्यानं तिच्याकडे एकदा बघितलं, तोंड फिरवलं आणि आईकडे हात पसरले.

"आई, तू घे."

आईनं त्याला घेतलं. असं आवळून धरलं, की तो ओरडला, "दुखतंय!" तरी तिनं पकड सैल केली नाही.

पोरीला वाईट वाटलं, ढब्बूनं तोंड फिरवलं म्हणून. आणि त्याहून कितीतरी जास्त सुटल्यासारखं वाटलं. ती उठली, धुळीतले कोट गोळा केले, झटकले. एकही तसाच देण्याजोगा राहिला नव्हता. सगळे परत धुवावे लागणार होते. घरी काय सांगायचं, याची जुळवाजुळव करत ती फाटकापर्यंत गेली, आणि तिथे तिच्या लक्षात आलं की जुळवायचं काहीच नाही. बाबा ओरडतील. चार दिवस दुकानात मान वर करणार नाहीत. ओरडू देत, असं म्हणून ती सावकाश चालत घराकडे निघाली.